विहिरींचा पहारा

भोपाळमध्ये १९८४ साली विषारी वायूने हजारोंचे प्राण घेतले. वायू विरला, परंतु कारखान्याच्या आवारातील टाकाऊ रसायने मातीत झिरपत राहिली. अखेर २००४ साली सर्वोच्च न्यायालयाला भोवतालच्या वस्त्यांस शुद्ध पाणी पुरविण्याचा आदेश द्यावा लागला.

भूगर्भातील पाणीही उताराकडे संथपणे वाहते. तीन विहिरींतील पातळ्या ताडून पाहिल्या की त्याची दिशा कळते. म्हणून अशा जागी निरीक्षण-विहिरी खोदतात. अमेरिकेतील नियमानुसार प्रवाहाच्या वरच्या अंगास किमान एक व खालच्या अंगास किमान तीन. कारण विषाची अरुंद धार एकट्या विहिरीला चुकवून जाऊ शकते. वरच्या व खालच्या पाण्यातील फरक हाच पुरावा.

नितळ पाणी निर्दोष असतेच असे नाही. हा पहारा घागर भरण्यापूर्वीच बसावयास हवा.