कांद्याचा पापुद्रा : पुस्तकातला आणि भिंगाखालचा

माध्यमिक शाळेत जीवशास्त्राच्या तासाला विद्यार्थी सूक्ष्मदर्शीतून पहिल्यांदा पाहतात त्या बहुधा कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी. पुस्तकातील आकृती त्यांनी आधीच पाठ केलेली असते. भिंगाखालीही तीच दिसेल, अशी त्यांची अपेक्षा असते. एका शाळेत एका मुलीने मला विचारले, "सर, दिसतंय ते काढू की पुस्तकातलं?" या प्रश्नाला आपण काय उत्तर देतो, यावर तिची पुढची सारी प्रयोगवही अवलंबून असते.

मुलांच्या नजरेत प्रथम भरतात ती जाड काळ्या कडेची वर्तुळे. अनेक जण तीच पेशी म्हणून काढतात. ते असतात हवेचे बुडबुडे. आच्छादक काच एका कडेने टेकवून सुईच्या आधाराने सावकाश खाली सोडली, तर बुडबुडे कमी अडकतात. आयोडीनचा थेंब टाकल्यावर विटांसारख्या रचलेल्या पेशी आणि त्यांतील पिवळसर तपकिरी केंद्रके दिसू लागतात.

खरा पेच इथे येतो. केंद्रक काही पेशींत कडेला, काहींत मध्यभागी दिसते, तर काहींत दिसतच नाही. असे का? पेशीचा बहुतेक भाग मोठ्या रिक्तिकेने व्यापलेला असल्याने पेशीद्रव्य व केंद्रक भित्तिकेलगत सारले जातात. पण पेशी ही सपाट चौकट नव्हे, ती पेटी आहे. केंद्रक बाजूच्या भिंतीला असेल तर कडेला दिसते. वरच्या किंवा खालच्या भिंतीला असेल तर मधोमध असल्याचा भास होतो. दिसत नसल्यास सूक्ष्म जुळवणीचा स्क्रू किंचित फिरवून पाहावा. वेगळ्या पातळीवरचे केंद्रक स्पष्ट होते. पेशी फाटलेली असेल, तर मात्र ते सापडणार नाही.

तंतुकणिका शाळेतील सूक्ष्मदर्शीतून दिसत नाहीत. कांद्याच्या आतल्या पांढऱ्या पाकळीत हरितलवकेही नसतात. वहीत ती आली, तर ती पुस्तकातून आली हे ओळखावे.

रॉबर्ट हुक याने १६६५ मध्ये बुचाच्या पेशींची आकृती प्रसिद्ध केली. तीत केंद्रक नव्हते, कारण त्या मृत पेशींच्या रिकाम्या भित्तिका होत्या. केंद्रकाला नाव मिळाले ते १८३१ मध्ये, रॉबर्ट ब्राऊनकडून. अपुऱ्या आकृतीबद्दल आपण हुकचे गुण कापले असते का? त्या मुलीला मी म्हटले, "दिसतंय तेच काढ. जे दिसलं नाही, तेही शेजारी लिहून ठेव."