उसाच्या ट्रॉलीला ब्रेक कोणी बसवायचा?

दसरा-दिवाळी आटोपून गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या जिल्ह्यांतील रस्त्यांचे रूप पालटते. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांवर रस्त्याच्या दोन्ही अंगांना लोंबणारा ऊस, आणि चालकाच्या डोक्यावर मागच्या वाहनाचा भोंगा ऐकूच येऊ नये इतक्या जोराने वाजणारी गाणी, हे दृश्य चार-पाच महिने रात्रंदिवस दिसत राहते. त्याच काळात उभ्या ट्रॉलीवर आदळून दुचाकीस्वार दगावल्याच्या, उतारावर ट्रॅक्टर अनावर झाल्याच्या बातम्या वृत्तपत्रांच्या जिल्हा पानांवर येऊ लागतात. मग ट्रॉल्यांना लाल परावर्तक पट्ट्या लावण्याची मोहीम निघते, छायाचित्रे प्रसिद्ध होतात. ही मोहीम आवश्यकच आहे. परंतु परावर्तकामुळे दुसऱ्याला ट्रॉली दिसते. ट्रॉली थांबत नाही. ती थांबवणारे साधन म्हणजे ब्रेक, आणि आपल्याकडील ऊसवाहतुकीच्या असंख्य ट्रॉल्यांना तोच नसतो.

याचा अर्थ काय होतो, हे साध्या अंकगणिताने पाहता येईल. पन्नासएक अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन दोन-अडीच टन असते. त्याचे ब्रेक सामान्यतः मागील दोन चाकांनाच असतात. दोन ट्रॉल्यांत मिळून २० टन ऊस आणि ट्रॉल्यांचे स्वतःचे चार टन धरले, तर एकूण भार सुमारे २६ टन होतो. ब्रेक कितीही दाबला तरी तो लावलेल्या चाकांवर जेवढे वजन असेल, त्याच्याच प्रमाणात रस्ता चाकाला धरतो. ट्रॅक्टरच्या मागील चाकांवर दोन टन वजन येते असे मानले, तर कोरड्या डांबरी रस्त्यावर फार तर १.४ टनाइतका रोध मिळेल. या बळावर ताशी २५ किलोमीटर वेगाने जाणारी ही आगगाडी सपाट रस्त्यावर थांबायला, टायरांचे घर्षण जमेस धरूनही, ३५ मीटरांच्या आसपास अंतर घेईल. चालकाला धोका उमगेपर्यंत जाणारा वेळ त्यात नाही. आता शंभराला पाच असा उतार घ्या. २६ टनांना खाली ओढणारे बळ १.३ टन होते. म्हणजे ब्रेकची जवळजवळ सारी शक्ती उताराशी झुंजण्यातच संपते. रस्ता ओला असेल, त्यावर चिखल वा उसाचे पाचट पडलेले असेल, तर तेवढीही उरत नाही. याउलट ट्रॉल्यांच्या चाकांना मध्यम प्रतीचे ब्रेक असतील, तर सपाटीवर हेच अंतर दहा मीटरांच्या आसपास येते.

अंतराहूनही वाईट गोष्ट अशी की, ब्रेक फक्त पुढे असला म्हणजे मागचा भार पुढच्याला ढकलतो. ट्रॅक्टर किंचित तिरपा असताना हा धक्का बसला की चाकूचे पाते मिटावे तसा तो ट्रॉलीवर वळतो. ज्याला चालकाचा हलगर्जीपणा म्हणून आपण मोकळे होतो, त्यातील बराच भाग पदार्थविज्ञानाचा असतो.

अमेरिकेत सुट्टीच्या दिवशी हौशी माणूस आपली नाव ट्रेलरवर घालून तळ्याकडे नेतो. तिकडील अनेक राज्यांत अशा ट्रेलरचे वजन तीन हजार पौंडांच्या, म्हणजे सुमारे १,३६० किलोंच्या पुढे गेले की त्याला स्वतंत्र ब्रेक असावाच लागतो. ब्रिटनमध्ये ही मर्यादा ७५० किलो आहे. खाऱ्या पाण्यात बुडून ड्रम गंजतो, म्हणून जड नावेसाठी तबकडीचा ब्रेक बरा की कसे, यावर तेथील लोक गांभीर्याने खल करतात. एकट्या माणसाच्या मौजेच्या वस्तूसाठी एवढी दक्षता, आणि वीस टन ऊस मात्र ब्रेकावाचून बाजारपेठेतून जाणार, हा फरक गरिबीचा म्हणून सोडून देता येत नाही. चालकापाशी ध्वनिवर्धकासाठी पैसे निघतात.

उपाय अज्ञात नाहीत. सर्वांत स्वस्त तो ट्रॉलीच्या धक्क्याने आपोआप लागणारा ब्रेक. ट्रॅक्टर मंदावला की ट्रॉली पुढे रेटते आणि त्या रेट्यानेच तिचा ब्रेक दाबला जातो. हलक्या ट्रेलरला तो ठीक. युरोपात सामान्य मोटारीमागच्या ट्रेलरला तो साडेतीन टनांपर्यंतच चालतो. दहा-दहा टनांच्या दोन ट्रॉल्यांचे काम त्याने निभणार नाही. तेथे चालकाच्या पायाखालून चालणारा तेलाच्या दाबाचा किंवा, त्याहून चांगला, हवेच्या दाबाचा ब्रेक हवा. हवेच्या ब्रेकचा मोठा गुण असा की, पिन तुटून ट्रॉली सुटली तर नळीतील दाब जातो आणि तिचा ब्रेक आपोआप लागतो. मात्र जुन्या ट्रॉलीला तो बसवणे म्हणजे एखादा सुटा भाग डकवणे नव्हे. गावातल्या वर्कशॉपात बनलेल्या पुष्कळ ट्रॉल्यांच्या आसाला ड्रमच नसतो, म्हणजे आस बदलणे आले. ट्रॅक्टरला हवेचा कॉम्प्रेसर बसवणे आले. शिवाय भरलेल्या ट्रॉलीला पुरेल एवढा ब्रेक रिकाम्या ट्रॉलीची चाके जागीच आवळतो आणि ती फरफटते. म्हणून भारानुसार दाब कमी-अधिक करण्याची सोय हवी.

मग हे आजवर का झाले नाही? वाहतूकदाराला मोबदला टनावर आणि अंतरावर मिळतो. ब्रेकने एक टनही वाढत नाही, उलट पदरचा खर्च होतो. अपघाताची किंमत मात्र बहुतांशी दुसऱ्याच कोणाच्या घरात मोजली जाते. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली खाजगी आणि सामाजिक खर्चातील जी तफावत मांडली, तिचे याहून ढळढळीत उदाहरण वर्गात देण्यासाठी सापडणे कठीण. जो एकटा वाहतूकदार शहाणपणाने ब्रेक बसवील, तो शेजाऱ्यापेक्षा महाग पडेल. रेल्वेच्या इतिहासात हेच घडले होते. वेस्टिंगहाऊसने १८६९ साली हवेच्या ब्रेकचे पेटंट घेतले. पण अमेरिकन कंपन्यांनी मालगाड्यांना तो सर्रास बसवण्यासाठी १८९३ चा कायदा यावा लागला. एका कंपनीचे डबे दुसरीच्या गाडीला जोडले जात, तेव्हा आपण खर्च करून लाभ दुसऱ्याला का द्यावा, असा प्रत्येकीचा हिशेब होता.

महाराष्ट्रात या कोंडीतून वाट काढू शकेल अशी संस्था जागेवर आहे. येथे ऊस तोडून आणण्याची व्यवस्था साखर कारखाना करतो आणि तो खर्च शेतकऱ्याच्या उसाच्या दरातून वजा होतो. हंगामापूर्वी वाहतूकदारांशी करार कारखानाच करतो, उचलही तोच देतो. प्रवरेचा कारखाना १९५० मध्ये उभा राहिला तेव्हा धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ त्याचा अध्यक्ष होता. जे एकट्याला परवडत नाही ते सर्वांनी मिळून करावे, हीच त्यामागची कल्पना होती. सक्षम ब्रेक असलेल्या ट्रॉलीला टनामागे थोडा जादा दर आणि तीन हंगामांनंतर ब्रेकावाचून करार नाही, अशी अट घालणे कारखान्यांना अवघड नाही. सर्वांनी एकदम घातली तर कोणाचा वाहतूकदार पळूनही जाणार नाही.

यावर, भुर्दंड अखेर ऊस उत्पादकावरच पडेल, असा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. पण किती? समजा दोन ट्रॉल्यांच्या जोडीला एक लाख रुपये खर्च आला. दिवसाला २० टनांची एक खेप धरली, तर १२० दिवसांत २,४०० टन आणि पाच हंगामांत १२,००० टन वाहतूक होते. टनामागे साडेआठ रुपयेही होत नाहीत. व्याज धरून दहा म्हणा. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी ठरवलेला रास्त व किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये होता. माझा खर्चाचा अंदाज दुपटीने चुकला तरी बोजा शेकडा अर्ध्या-पाऊण रुपयाच्या पुढे जात नाही. हा बोजा कारखान्याने साखरेच्या नफ्यातून उचलावा की उत्पादकाने, हा वादाचा विषय होऊ शकेल. वाहतूकदाराच्या एकट्याच्या गळ्यात तो बांधू नये, एवढे माझे मत आहे.

दंडावर विसंबण्यात अर्थ नाही. २०१९ च्या दुरुस्तीने जादा भारासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे आणखी २,००० रुपये दंड ठेवला. पण रात्री आडरस्त्यावर तो आकारणार कोण? तपासणीची सोयीची जागा कारखान्यातच आहे. वजनकाट्यावर प्रत्येक ट्रॉली भरलेली एकदा आणि रिकामी एकदा उभी राहतेच. काट्यावर येताना चालकाला ब्रेक दाबायला सांगायचे आणि चाके धरतात की नाहीत ते पाहायचे, यासाठी अभियंता लागत नाही. काट्यावरचा कारकून हे पाहू शकतो आणि वजनाच्या पावतीवर तशी नोंद करू शकतो.