स्पोर्ट्‌स कारची हौस : घेणे सोपे, विकणे अवघड

दोन आसनांची, जमिनीलगत धावणारी मोटार खंबाटकी घाट उतरून साताऱ्याकडे निघाली, की आजही बघ्यांच्या माना वळतात. मात्र ही हौस परदेशी कोट्यधीश गाड्यांपुरतीच मर्यादित नाही. शेजारच्या गोव्यात तयार झालेली 'सॅन स्टॉर्म' नव्वदच्या दशकाअखेरीस बाजारात आली. रेनॉचे १.२ लिटरचे इंजिन, जेमतेम ६० अश्वशक्ती आणि फायबर ग्लासची हलकी बॉडी, असा तिचा थाट होता. २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत 'डीसी अवंती' अवतरली. तिचे दोन लिटरचे टर्बो इंजिन २५० अश्वशक्तीचे होते. या दोन्ही गाड्यांचे उत्पादन आता थांबले असून, तेथूनच मालकाची खरी कसोटी सुरू होते.

लेथवर होणारी कामे या भागात सहसा अडत नाहीत. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० पासूनचा. कुपवाड आणि साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतींतून बुश, पुली, ब्रॅकेट बनवून घेता येतात. अडते ते पुढची काच, दिवे आणि दारांच्या रबरांपाशी. हे भाग शाबूत नसतील, तर गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी ती महागच म्हणावी लागेल. फायबरचेही तसेच. पत्रा ठोकून सरळ करता येतो. फायबरला तडा जातो. रेझिन आणि मॅट लावून तो बुजवितात व वरून रंग देतात. त्यामुळे जुनी गाडी पाहताना बॉनेट उघडून बॉडीची आतली बाजू तपासलेली बरी.

अशा गाड्या चालविण्यापेक्षा उभ्याच अधिक राहतात. टायरची झीज दिसत नाही, पण रबर कडक होते. टायरच्या कडेवरील शेवटचे चार आकडे उत्पादनाचा आठवडा व वर्ष सांगतात. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या गाड्यांचे इंधनाचे पाइप आणि सील त्यासाठी बनविलेले नाहीत. ते बदलणे भाग आहे. उसाच्या पट्ट्यातील हौशी मालकाला हा त्रास उसापासूनच व्हावा, हा योग गमतीचाच! शिवाय १५ वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांहून जुन्या मोटारीसाठी त्याचे शुल्क १० हजार रुपये झाले आहे. पर्यावरण कर वेगळा.

विक्रीच्या वेळी घासाघीस किमतीवर होते, धोका मात्र कागदात असतो. २०२० च्या डिसेंबरमध्ये मुंबई पोलिसांनी 'अवंती'च्या निर्मात्याला अटक केली. एकाच इंजिन व चासी क्रमांकाची एकाहून अधिक ठिकाणी नोंदणी करून कर्जे उचलल्याचा आरोप त्यात होता. चासीवर कोरलेला क्रमांक आरसी बुकाशी ताडून पाहणे आणि कर्जाचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५ बँकेच्या दाखल्यासह मागणे, हे म्हणूनच आवश्यक ठरते.

विकणाऱ्याची जबाबदारीही पैसे हाती पडताच संपत नाही. फॉर्म २९ देऊन राज्यांतर्गत विक्री १४ दिवसांत आरटीओला कळवावी लागते. घेणाऱ्याने फॉर्म ३० भरून ३० दिवसांत नाव बदलून घ्यायचे असते. सांगलीची गाडी बेळगावला किंवा गोव्याला जाणार असेल, तर फॉर्म २८ चे ना हरकत प्रमाणपत्रही लागते. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून गाडी एजंटाच्या हवाली करण्याची पद्धत सर्रास आहे. २००७ मध्ये विकलेली एक मोटार पुढे अनेक हातांतून फिरली. नाव मूळ मालकाचेच राहिले. २००९ मध्ये अपघात झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर म्हणजे त्या मूळ मालकावरच टाकली. वेगासाठी घेतलेल्या गाडीबाबत तर हा धोका अधिकच. आरटीओच्या दप्तरी नाव बदलल्याचे 'वाहन' संकेतस्थळावर स्वतः पाहावे आणि मगच दुसरी चावी द्यावी, असे व्यवहार जाणणारे सांगतात.