रिॲक्ट शिकायला बसलात आणि पहिल्याच कमांडला एरर? चूक दरवेळी तुमचीच नसते!

युट्यूबवर 'एका तासात रिॲक्ट शिका' छाप व्हिडिओ सुरू आहे. शिकवणारा एक कमांड टाकतो आणि थोड्याच वेळात ब्राउझरमध्ये निळा लोगो गरागरा फिरू लागतो. तुम्हीही तीच कमांड टाकता, अगदी अक्षर न् अक्षर तपासून. तुमच्याकडे मात्र टर्मिनल लालेलाल होतं. संध्याकाळ संपते, पण कोडची एक ओळही लिहून झालेली नसते. मग हळूच मनात येतं, 'हे आपलं काम नाही.'

हा निष्कर्ष काढायची घाई करू नका. सेटअपमध्ये अडकण्याची कारणं बहुतेकदा ठरलेली असतात आणि त्यांचा तुमच्या हुशारीशी फारसा संबंध नसतो.

कारण १ : व्हिडिओ जुना, टूल नवं

'क्रिएट रिॲक्ट ॲप' हे टूल २०१६ मध्ये आलं आणि पुढची अनेक वर्षं रिॲक्टचा जवळपास प्रत्येक कोर्स त्याच्यापासूनच सुरू व्हायचा. डिसेंबर २०२४ मध्ये रिॲक्टची १९ वी आवृत्ती आली आणि याच टूलने नवा प्रोजेक्ट बनवताना एरर येऊ लागली. रिॲक्ट नवं आलं होतं, पण टूलसोबत येणारी टेस्टिंगची लायब्ररी १८ वी आवृत्तीच मागत होती. शेवटी १४ फेब्रुवारी २०२५ रोजी रिॲक्टच्या टीमने हे टूल निवृत्त करत असल्याचं जाहीर केलं. जुने व्हिडिओ मात्र आजही सर्चमध्ये वर दिसतात.

टेलविंडचंही तसंच. जानेवारी २०२५ मध्ये त्याची चौथी आवृत्ती आली आणि जुन्या धड्यांमधली 'इनिट' कमांड चालेनाशी झाली. कमांड टाकली तर मेसेज येतो, की काय चालवायचं तेच ठरवता येत नाही. या मेसेजवरून 'धडा जुना आहे' हे नवख्या माणसाला कसं कळणार?

कारण २ : बोलावलं एकाला, आलं अख्खं वऱ्हाड

तुम्ही एक पॅकेज इन्स्टॉल करता. ते दुसऱ्या दहांवर अवलंबून असतं, ते दहा आणखी कुणावर तरी. 'नोड मॉड्यूल्स' फोल्डर उघडून पाहिलं तर शेकडो पॅकेजेस दिसतील, आणि प्रत्येकाची देखभाल करणारा माणूस वेगळा.

हे किती नाजूक आहे ते मार्च २०१६ मध्ये जगाला दिसलं. 'लेफ्ट-पॅड' नावाचं जेमतेम ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एका वादातून एनपीएमवरून काढून टाकलं आणि जगभरातले असंख्य प्रोजेक्ट इन्स्टॉल होईनासे झाले. काही तासांत ते पॅकेज परत आणावं लागलं.

वऱ्हाडात रुसवेफुगवेही असतात. एकाला रिॲक्ट १८ हवं, दुसऱ्याला १९. एनपीएमच्या सातव्या आवृत्तीपासून असा वाद दिसला की इन्स्टॉलेशन सहसा तिथेच थांबतं. 'ई-रिझॉल्व्ह' नावाची एरर ती हीच.

कारण ३ : नोडची आवृत्ती

ऑक्टोबर २०२१ मध्ये नोड १७ आलं. त्यात सुरक्षेसाठीची ओपन-एसएसएल लायब्ररी बदलली होती, आणि वेबपॅक ४ वर चालणारे, कालपर्यंत ठणठणीत असलेले प्रोजेक्ट सुरूच होईनात. उलटंही घडतं. सध्याचं लोकप्रिय टूल 'वीट' (फ्रेंचमध्ये अर्थ 'जलद', उच्चार आपल्या विटेसारखाच) घ्या. त्याच्या सातव्या आवृत्तीला किमान नोड २०.१९ किंवा २२.१२ लागतं. लॅपटॉपवर कॉलेजच्या पहिल्या वर्षी टाकलेलं नोड असेल, तर वीट यायचाच!

कारण ४ : विंडोजचा पहारेकरी

नोड नीट इन्स्टॉल झालंय, तरी पॉवरशेलमध्ये एनपीएम लिहिलं की 'या सिस्टीमवर स्क्रिप्ट चालवायला बंदी आहे' अशा अर्थाचा मेसेज येतो. घरगुती विंडोजमध्ये ही बंदी मुळातच लावलेली असते. सोपा उपाय म्हणजे तीच कमांड पॉवरशेलऐवजी साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये चालवणं.

मग करायचं काय?

- व्हिडिओची तारीख आधी बघा. इन्स्टॉलेशनच्या कमांड मात्र अधिकृत वेबसाइटवरूनच घ्या.
- नोडची 'एलटीएस' लिहिलेली आवृत्ती निवडा. जुने-नवे प्रोजेक्ट दोन्ही सांभाळायचे असतील तर एनव्हीएमसारखं टूल वापरा. त्याने एकाच मशीनवर नोडच्या अनेक आवृत्त्या ठेवता येतात.
- एरर येताच फक्त शेवटची ओळ वाचू नका. खरं कारण बऱ्याचदा वर, पहिल्या काही ओळींत असतं.
- 'लेगसी-पीअर-डेप्स' किंवा 'फोर्स' लावून पुढे जाता येतं, पण त्याने वाद मिटत नाही, फक्त झाकला जातो. पुढे भलतीच एरर आली तर हे आठवा.
- 'पॅकेज-लॉक' फाइल सहज म्हणून उडवू नका. नेमक्या कोणत्या आवृत्त्या बसवल्या याची नोंद त्यातच असते. मित्राकडे चालणारा प्रोजेक्ट तुमच्याकडेही चालायला हवा असेल, तर ती फाइल सोबत घ्या आणि 'एनपीएम सीआय' कमांड वापरा.
- अर्धा तास झाला आणि गाडी हलत नसेल, तर ब्राउझरमध्येच चालणारा स्टॅकब्लिट्झसारखा एडिटर उघडा. रिॲक्ट आज शिका, सेटअपची मारामारी उद्या करा.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. सेटअप लावणं आणि प्रोग्रामिंग येणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. पहिलं अडलं म्हणून दुसरं सोडून देणं म्हणजे गॅस पेटत नाही म्हणून 'मला स्वयंपाक येत नाही' असं ठरवून टाकणं. वर्षानुवर्षं काम करणारे डेव्हलपरही नवं फ्रेमवर्क घेतलं की याच लाल ओळींपुढे बसतात. फरक इतकाच, की ते एरर वाचतात आणि स्वतःला दोष देत बसत नाहीत.