घुमटात कुणी नाही

दुर्बीण घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : आरसा केवढा? प्रश्न रास्त आहे, कारण आरसा मोठा तितका उजेड जास्त. पण शेजारी माणूस नसलेली, संगणकानं चालणारी दुर्बीण उभारायची असेल तर हा प्रश्न रांगेत बराच मागं जातो. पुढं येतो तो दुसराच : पहाटे तीन वाजता बर्फ पडायला लागलं तर घुमट कोण मिटणार?

लडाखमध्ये हानले इथं, सुमारे ४,५०० मीटर उंचीवर, अशी एक दुर्बीण जून २०१८पासून आकाश पाहते आहे. ग्रोथ-इंडिया तिचं नाव. बंगळूरची भारतीय ताराभौतिकी संस्था आणि पवईची आयआयटी मुंबई यांनी मिळून उभारलेली ही संशोधनासाठीची भारतातली पहिली पूर्ण रोबोटिक दुर्बीण. जी. सी. अनुपमा आणि वरुण भालेराव ही तिच्यामागची प्रमुख नावं. आरसा ७० सेंटीमीटरचा, म्हणजे आजच्या मानानं लहानच. तिथंच २ मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण आधीपासून काम करते आहे. थोरली असताना धाकटी कशाला? याचं उत्तर नीट कळलं की तिच्यासाठी काय काय सामान निवडलं आणि का, हेही उलगडतं.

थोरलीच्या रात्री आधीच वाटून दिलेल्या असतात. धाकटीनं मात्र वर्दी आली की धावायचं. तारा फुटला, दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले, एखादा लघुग्रह पृथ्वीजवळून निघाला, की काही मिनिटांत तिकडं वळून फोटो घ्यायचे. या कामात चपळाई मोठेपणावर कशी मात करते, ते २३ जानेवारी १९९९ रोजी दिसलं होतं. अमेरिकेत लॉस अॅलामॉसला रोत्से नावाचं एक स्वयंचलित यंत्र होतं. त्याला दुर्बीण म्हणणंही अवघड. छायाचित्रकार वापरतात तसल्या चार टेलिफोटो भिंगांची ती जुळणी होती. उपग्रहाकडून गॅमा किरणांच्या स्फोटाची वर्दी आली आणि स्फोटानंतर २२ सेकंदांत त्याचा पहिला फोटो निघाला. स्फोट चालू असतानाच त्याचा दृश्य प्रकाश टिपण्याची ती पहिली वेळ. जगातल्या मोठ्या दुर्बिणी वळेपर्यंत तो कितीतरी मंदावला होता.

म्हणून निवडीची सुरुवात बैठकीपासून, जाणकारांच्या भाषेत माउंटपासून होते. नेहमीच्या माउंटमध्ये मोटर आणि दुर्बीण यांच्यामध्ये गिअर असतात. गिअर आले की दात्यांमधला प्ले आला, झीज आली, वंगण आलं आणि हानलेच्या थंडीत ते वंगण घट्ट होणंही आलं. माणूस जवळ असेल तर तो हात लावून सावरून घेतो. इथं सावरणार कोण? ग्रोथ-इंडियाचं माउंट गिअरशिवायचं आहे : मोटर थेट अक्षावर, आणि अक्ष नेमका किती फिरला ते मोजणारे एन्कोडर. अशी बैठक काही सेकंदांत आकाशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं वळते आणि वळल्यावर डुलत बसत नाही. ही रचना तोफेसारखी, वरखाली आणि आडवी फिरणारी आहे. तिचा एक तोटा म्हणजे लांब एक्स्पोजरमध्ये तारांगण कॅमेऱ्यासमोर गोल फिरत जातं. त्यासाठी कॅमेराच हळूहळू उलटा फिरवणारं आणखी एक यंत्र लागतं. प्रत्येक सोयीबरोबर अशी एक जबाबदारी घरात येते.

माउंटनंतर कॅमेरा. गुरुत्वीय लहरींची वर्दी येते तेव्हा तिच्यात नेमका पत्ता नसतो, फार तर पेठ कळते. १७ ऑगस्ट २०१७च्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीत शोधायचं क्षेत्र सुमारे ३० चौरस अंश होतं. ग्रोथ-इंडियाच्या एका फोटोची बाजू भरते ०.७ अंश, म्हणजे पूर्ण चंद्र मावून वर जागा उरते. तेवढं क्षेत्र झाडून काढायला तिला साठेक फोटो लागतील. प्रत्येकी पाच मिनिटं धरली तरी पाच तास, म्हणजे एका रात्रीचं काम. फोटोची बाजू याच्या निम्मी असती तर फोटो चौपट झाले असते आणि रात्र पुरली नसती. म्हणूनच इथं सुमारे ६ सेंटीमीटर बाजूचा, दीड कोटींहून जास्त पिक्सेलचा सेन्सर आहे. तो विजेवर थंड होतो. द्रवरूप नायट्रोजन वापरायचा तर तो भरायला रोज कुणाला तरी डोंगर चढावा लागला असता.

आता पहाटेच्या बर्फाकडं येऊ. हौशी मंडळींच्या यादीत जे सामान सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात स्वस्तातलं असतं, त्याला रोबोटिक वेधशाळेत पहिला मान. ढग ओळखण्याची युक्ती साधी आहे. निरभ्र आकाश अवरक्त तापमापकाला जमिनीपेक्षा फार थंड दिसतं; ढग आला की तेवढा भाग कोमट दिसू लागतो. त्याच्या जोडीला पावसाचा, वाऱ्याचा आणि दमटपणाचा सेन्सर. या पंचायतीचा नियम कडक असतो. घुमट उघडायला सगळ्यांचा होकार लागतो, मिटायला एकाचा नकार पुरतो. शिवाय घुमटाचं नियंत्रण मुख्य संगणकावर सोडत नाहीत. संगणक मधूनमधून ‘मी जागा आहे’ असा संदेश देत राहतो. तो थांबला की घुमट आपणहून मिटतो. वीज गेली तर बॅटरीत निदान घुमट मिटण्यापुरता जीव राखून ठेवलेला असतो. यातलं काहीही एका ताऱ्याचाही फोटो काढत नाही, पण यातलं एक चुकलं तर आरसा आणि कॅमेरा दोन्ही जातात.

जागेची निवड हीसुद्धा सामानाचीच निवड. पुण्याच्या आयुकाची गिरवलीची दुर्बीण पावसाळ्यात बंद ठेवावी लागते. हानले हिमालयाच्या पर्जन्यछायेत आहे. वर्षातल्या अडीचशेच्या आसपास रात्री तिथं कामाच्या निघतात. दुसरं कारण नकाशावरचं. ग्रोथ हे कॅलटेकच्या मानसी कासलीवाल यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेलं वेधशाळांचं जाळं. कॅलिफोर्नियातल्या पालोमारची दुर्बीण काहीतरी नवं शोधते आणि तिथं उजाडतं, तेव्हा जवळजवळ अर्ध्या पृथ्वीपलीकडं हानलेला अंधार पडत असतो. पाठशिवणीतला हा दुवा नसता तर त्या वस्तूचे पहिले मोलाचे तास निसटले असते.

उंचीची किंमत मात्र मोजावी लागते. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कमध्ये वाचणारं टोक हवेच्या पातळ गादीवर तरंगतं. हवा विरळ झाली की गादी बसते, म्हणून अशा बहुतेक डिस्कना सुमारे ३,००० मीटरपर्यंतचीच हमी असते. बाहेर कडाक्याची थंडी असूनही पंख्यानं गार होणारी यंत्रं तापतात, कारण उष्णता वाहून न्यायला हवाच कमी. दुकानात उत्तम ठरलेली वस्तू डोंगरावर का रुसली, याचं उत्तर पुष्कळदा इतकं साधं असतं.

या सगळ्या सावधगिरीतून काय हाती येतं? फेब्रुवारी २०२२मध्ये पालोमारच्या सर्वेक्षणात एक विलक्षण वेगानं बदलणारा ठिपका सापडला. सुमारे ८५० कोटी प्रकाशवर्षं दूर एका कृष्णविवरानं तारा फाडला होता आणि त्याचा झोत नेमका आपल्या दिशेनं होता. त्याचा प्रकाश मोजणाऱ्यांत ग्रोथ-इंडिया होती, रेडिओ लहरी टिपणाऱ्यांत नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी होती. पुढं हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होऊ घातलेली लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा सुरू झाली की वर्दीतली पेठ आक्रसून गल्लीवर येईल आणि त्या साठ फोटोंचे कदाचित मोजकेच उरतील.

तोवर घुमट रोज संध्याकाळी सगळ्यांचा होकार घेऊन उघडतो. एखाद्या रात्री दमटपणा वाढतो, एकाचा नकार येतो आणि तो मिटतो. सकाळी पवईत कुणीतरी नोंद वाचतं : फोटो शून्य. दुर्बीण निवडणाऱ्यांनी पैसे ज्या कामासाठी मोजले होते, ते त्या रात्री चोख झालेलं असतं.