दंतवैद्य सांगतो, रुग्णाला काय उमजते?

दंतवैद्याच्या खुर्चीत बसलेल्या माणसाइतका असहाय श्रोता क्वचितच आढळेल. डोळ्यांवर प्रखर दिवा, तोंडात आरसा आणि कापूस. अशा अवस्थेत निदान ऐकवले जाते व तो मान डोलावतो. या मान डोलावण्यालाच संमती समजण्याची प्रथा रूढ झाली आहे.

दाढ काढल्यावर ‘मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या करा’ असे सांगतात. त्या दुसऱ्या दिवसापासून करावयाच्या असतात, हे मात्र बधिर जबडा सावरण्याच्या गडबडीत ऐकूच येत नाही. रुग्ण त्याच संध्याकाळी जोराने चुळा भरतो. जखमेच्या खळगीतील रक्ताची गाठ, जी उघड्या हाडाचे नैसर्गिक आवरण असते, निसटते आणि दोन-तीन दिवसांत कानापर्यंत जाणारा ठणका सुरू होतो. दोष अर्थातच डॉक्टरांच्या हातगुणाला!

‘रूट कॅनॉल’चेही तेच. पहिल्या खेपेसच वेदना थांबते; रजा आणि खर्च यांचा हिशेब करणाऱ्या कारकुनास पुढील खेपा अनावश्यक वाटतात. आतला मगज काढला आहे आणि वरची भर तात्पुरती आहे, ती झिजली की जंतूंना वाट मोकळी होते, हे कागदावर दाताचे चित्र काढून दोन मिनिटांत सांगता येण्याजोगे आहे.

सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली समीरा कोहली खटल्यात उपचारांचे स्वरूप, धोके, पर्याय आणि उपचार न केल्यास होणारे परिणाम यांची पुरेशी माहिती मिळाल्यावाचून संमती खरी ठरत नाही, असे स्पष्ट केले. खटला दातांचा नव्हता, तत्त्व मात्र तेच. सरकारी रुग्णालयांतील रांगा पाहता डॉक्टरांची अडचण खोटी नव्हे. तथापि खुर्ची सरळ करून, हत्यारे बाजूस ठेवून, ‘घरी गेल्यावर काय कराल, ते सांगा पाहू’ एवढे विचारण्यास फारसा वेळ लागत नाही. गैरसमज तेथेच उघडा पडतो.

दंतवैद्यकाचे शिक्षण प्रामुख्याने इंग्रजीतून होते, म्हणून मराठी तोकडी ठरते असे नाही. गार पाण्याने क्षणभर सणक जाणे आणि रात्री आपोआप ठणका लागणे, हा भेद मराठी माणूस सहज करतो. सणक बहुधा वरचे कवच झिजल्याची, तर ठणका मगजापर्यंत सूज पोहोचल्याची खूण असते. डॉक्टरांनी याच शब्दांत विचारावे आणि याच शब्दांत उत्तर द्यावे.