जुने गोवे : एक दिवसाचे दर्शन आणि पाण्याचा धडा



गोवा सहलीत एक पूर्ण दिवस जुन्या गोव्यासाठी ठेवावा, असे आम्ही सुचवले आहे. समुद्रकिनारा सोडून जुन्या चर्चमध्ये मुलांनी काय पाहायचे, असे काही पालकांनी विचारले. त्याचे उत्तर येथे देत आहोत.

मांडवी नदीकाठचे हे बंदर पोर्तुगीजांनी १५१० मध्ये आदिलशाहीकडून जिंकले. १५३० पासून ते त्यांच्या पूर्वेकडील राज्याची राजधानी झाले. याच पोर्तुगीजांनी १५४९ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यावर साल्वादोर वसवले. आपल्या काजूचे झाडही त्यांनीच ब्राझीलमधून आणले. साल्वादोर आजही गजबजलेले महानगर आहे. जुन्या गोव्यातले वाडे आणि बाजार मात्र गेले. राहिली ती मुख्यतः चर्च. असे का झाले, हे मुलांनी स्वतः पाहावे.

सकाळी प्रथम बॉम जेझूस बॅसिलिका पाहावी. हिचे बांधकाम १५९४ ते १६०५ या काळात झाले. येथे संत फ्रान्सिस झेवियर यांचे शव जतन केलेले आहे. बाहेरून लाल जांभा दगड उघडा दिसतो, तो नीट पाहून ठेवावा. समोरच १५६२ मध्ये सुरू झालेले भव्य सी कॅथेड्रल आहे. तेथून नदीकडे १५९९ ची व्हाइसरॉयची कमान आहे. दुपारी सावलीत विश्रांती घ्यावी. आपल्याकडे ऊन कोरडे असते. तेथे हवा दमट असल्याने घाम वाळत नाही आणि थकवा लवकर येतो. ऊन उतरल्यावर टेकडीवरचा संत ऑगस्टीनचा पडका मनोरा पाहावा. त्याचा मोठा भाग १९३१ मध्ये कोसळला.

आता मूळ प्रश्न. डच लोकांशी स्पर्धेत व्यापार घटला, हे एक कारण. परंतु हिवताप, पटकी यांसारख्या रोगांच्या साथींनीही शहर रिकामे केले. जांभा सच्छिद्र असतो. दाट वस्तीतील घाण जमिनीत झिरपून विहिरींत उतरली. पटकी पाण्यातून पसरते, हे लंडनचे डॉ. जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये दाखवून दिले. त्यापूर्वीच, १७५९ मध्ये व्हाइसरॉय पणजीला राहावयास गेले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली.

ज्या राजधानीजवळ सोने, जहाजे आणि तोफा होत्या, तिला स्वच्छ पाणी राखता आले नाही. नार्नूरमध्येही पावसाळा आला की तापाने वर्गातील बाके रिकामी होतात. म्हणून विश्वस्त मंडळींना विनंती की, शाळेची पाण्याची टाकी पावसाळ्यापूर्वी धुवून घ्यावी. पालकांनी घरच्या विहिरीभोवती सांडपाणी साचू देऊ नये.

सहलीला येताना प्रत्येकाने पाण्याची बाटली, टोपी व वही आणावी. खांदे व गुडघे झाकणारे कपडे घालावेत आणि चर्चमध्ये शांतता पाळावी.